सनी रोलिन्स, पूल आणि पवई

सनी रोलिन्स आपल्या पवईत येऊन राहून गेलाय हे मुंबईतल्या भल्याभल्या कानसेनांनाही माहीत नसतं. आत्ताची टॉवरवाली पवई नाही, साठच्या दशकातली, तलाव, झाडी आणि त्यात स्वामी चिन्मयानंदांचा सांदीपनी आश्रम. अमेरिकेतला नावाजलेला टेनर सॅक्सोफोन वादक, ज्याच्या रेकॉर्ड्स ऐकून पोरं वाजवायला शिकत होती, तो सगळं सोडून इथे येतो, काही महिने आश्रमात राहतो, वेदान्ताचे पाठ ऐकतो. का आला असेल? मला हा माणूस जितका आवडतो तितकाच हा प्रश्नही आवडतो, कारण त्याचं उत्तर शोधता शोधता त्याचं वाजवणं कळायला लागतं. म्हणून आज जरा सविस्तर लिहितोय, बरेच दिवस मनात होतं.

जन्म ७ सप्टेंबर १९३०, न्यू यॉर्क, हार्लेम. आईवडील कॅरिबियनमधल्या व्हर्जिन आयलंड्सचे, त्यामुळे घरात कॅलिप्सो गाणी कानावर पडायची. पुढे घर शुगर हिल भागात, आणि तिथे आजूबाजूला कोण राहायचं तर कोलमन हॉकिन्ससारखी माणसं. टेनर सॅक्सोफोन हे जॅझमधलं महत्त्वाचं वाद्य बनवलं ते हॉकिन्सनी. पोरगा त्यांच्या घराबाहेर सही घ्यायला थांबायचा. एकोणीस वर्षांचा होईपर्यंत पियानोवादक बड पॉवेलसोबत रेकॉर्डिंग करून मोकळा, मग ट्रम्पेटवाला माइल्स डेव्हिस. इतक्या लहान वयात एवढं मिळालं की काय होतं ते त्याचंही झालं. त्या पिढीला हेरॉइननं खाल्लं, आल्टो सॅक्सोफोनचा बादशहा चार्ली पार्कर घेतो म्हणून घ्यायचं, तसं घेतलं तर तसं वाजवता येईल असा समज. १९५० मध्ये दरोड्याच्या केसमध्ये अटक, रायकर्स आयलंडच्या तुरुंगात दहा महिने.

पार्करचा एक प्रसंग आहे, जानेवारी १९५३. माइल्स डेव्हिसचं रेकॉर्डिंग, रोलिन्स टेनरवर आणि चक्क पार्करसुद्धा टेनरवर. पार्करनं त्याला विचारलं की तू आता यातून बाहेर पडलायस ना, आणि यानं हो म्हणून खोटं सांगितलं. नंतर कोणाच्या तरी बोलण्यातून खरं काय ते पार्करला कळलं. ज्याला देव मानलं त्याच्या चेहऱ्यावर ते दिसलं, आणि रोलिन्स आयुष्यभर सांगत राहिला की त्या दिवशी मी ठरवलं, बास. १९५५ साली तो केंटकीतल्या लेक्सिंग्टनच्या सरकारी इस्पितळात उपचार घ्यायला स्वतःहून दाखल झाला. बरं होऊन पार्करला जाऊन सांगायचं होतं. पण त्याच वर्षी मार्चमध्ये पार्कर गेला, वय ३४. सांगायचं राहूनच गेलं.

लेक्सिंग्टनहून सुटल्यावर तो थेट क्लबात गेला नाही. शिकागोला राहिला, झाडलोट, साफसफाई अशी कामं केली, कारण क्लबात गेलो की जुने लोक भेटणार आणि ते हातात पुडी ठेवणार ही भीती. मग १९५५ च्या शेवटी क्लिफर्ड ब्राउन आणि मॅक्स रोच यांच्या ग्रुपमध्ये आला. ब्राउन हा ट्रम्पेटवाला, वयानं याच्याएवढाच, व्यसन नाही काही नाही, स्वच्छ जगणारा आणि वाजवायला अफाट. रोलिन्सला तेव्हा नेमकं हेच बघायची गरज होती, की असं जगूनही असं वाजवता येतं.

आता २२ जून १९५६. न्यू जर्सीत हॅकेनसॅक नावाच्या गावी ध्वनिमुद्रक रूडी व्हॅन गेल्डरच्या आईवडिलांचं घर, त्या घराचा दिवाणखाना हाच स्टुडिओ. रोलिन्स २५ वर्षांचा, पियानोवर टॉमी फ्लॅनागन, बेसवर डग वॉटकिन्स, ड्रम्सवर मॅक्स रोच. एका दिवसात पाच ट्रॅक, अल्बमचं नाव 'सॅक्सोफोन कोलोसस'. आणि चारच दिवसांनी, २६ जूनला, क्लिफर्ड ब्राउन पेन्सिल्व्हेनियात कार अपघातात गेला. ते रेकॉर्डिंग ऐकताना मला दर वेळी हे आठवतं, कारण त्यात इतका आनंद भरलाय आणि वाजवणाऱ्यांना पुढे काय वाढून ठेवलंय याची कल्पनाही नाही.

या अल्बममधला पहिला ट्रॅक 'सेंट थॉमस'. धून मुळात त्याची नाही, बेटांवरची जुनी, आई म्हणायची ती. आधी मॅक्स रोचचे ड्रम्स, एकटेच, कॅलिप्सोचा ठेका धरतात, ऐकताना खांदे हलायला लागतात. मग रोलिन्स धून वाजवतो, सोपी, कोणालाही गुणगुणता येईल अशी. आणि मग सोलो सुरू होतो. इथे नीट कान द्या. वेगानं काहीतरी तानाबिना मारेल असं वाटतं ना, तो काय करतो, फक्त दोन सूर घेतो. दोनच. ते वाजवतो आणि थांबतो. परत तेच दोन, पण जरा उशिरा टाकलेले. परत, आता जरा लवकर. कधी ठोक्यावर, कधी ठोक्याच्या अलीकडे, कधी पलीकडे, सूर तेच आहेत पण जागा बदलत चाललीये आणि आपल्याला गंमत वाटायला लागते की आता कुठे ठेवणार. मग हळूच तिसरा सूर जोडतो, मग एक छोटी ओळ होते, मग ओळीला ओळ लागते, आणि बघता बघता तो सगळं सप्तक फिरून आलेला असतो. पुढे मॅक्स रोचचा सोलो होतो आणि त्यानंतर ठेकाच बदलतो, कॅलिप्सो जाऊन सरळ जॅझचा स्विंग येतो, आणि रोलिन्स त्यावर अक्षरशः धावत सुटतो.

ख्याल ऐकणाऱ्या माणसाला हे ओळखीचं वाटणारच. ज्यांनी किराणा घराण्याची बढत ऐकलीये, दोन सुरांत दहा मिनिटं रमणारा गवई ऐकलाय, त्यांना जॅझमध्ये शिरायला रोलिन्ससारखं दार नाही असं माझं प्रामाणिक मत आहे. आपल्याकडे राग आणि आवर्तन, तिकडे कॉर्ड्सचा, म्हणजे एकदम वाजणाऱ्या सुरांच्या जुडग्यांचा, एक क्रम, बारा मात्रांच्या ऐवजी बारा बार (बार म्हणजे ठरावीक मात्रांचा एक गट) म्हणा किंवा बत्तीस बार, तो क्रम फिरत राहतो, आधी धून वाजवायची, मग त्या क्रमावर जे सुचेल ते, आणि शेवटी परत धुनेवर यायचं. फरक आहेतच, हार्मनी हा त्यांचा सगळा वेगळा कारभार आहे, आणि दोन्ही एकच असं म्हणायचा भोळसटपणा मी करणार नाही. पण एका बीजातून सगळं झाड काढायचं ही जी वृत्ती आहे ती दोन्हीकडे तीच.

त्या काळचे बरेच वादक धून एकदा वाजवली की विसरून जायचे आणि कॉर्ड्सवर धावायचे. रोलिन्स विसरत नाही. याच अल्बममधला 'ब्लू सेव्हन' अकरा मिनिटांच्या वर आहे. सुरुवातीला डग वॉटकिन्सचा बेस एकटा चालत येतो, शांत, पावलं मोजत. मग रोलिन्स एक अगदी तुटपुंजा तुकडा वाजवतो, त्यात एक सूर असा की गाणं नक्की कुठल्या पट्टीत आहे हेच कळेना. आणि मग पुढे तो जे जे वाजवतो त्यात तो तुकडा कुठे ना कुठे डोकावतो, कधी उलटा, कधी ताणलेला, कधी त्याची फक्त सावली. मॅक्स रोचचा ड्रम सोलोही तसाच, एक छोटी कल्पना घेऊन तिच्यावर रचत नेलेला. गुंथर शुलर नावाच्या संगीतकारानं १९५८ मध्ये यावर एक मोठा लेख लिहिला, स्वर उतरवून काढून दाखवलं की बघा हा माणूस त्या क्षणी सुचेल ते वाजवतोय आणि तरी आख्खी रचना एकसंध उभी राहतीये. लेख फार गाजला. आणि रोलिन्सची पंचाईत झाली. मी असं काही ठरवून करत होतो का, असं वाटायला लागलं, आणि वाजवताना स्वतःकडेच लक्ष जायला लागलं. त्यानंतर तो स्वतःबद्दल लिहिलेलं वाचायचं टाळायला लागला.

मला वाटतं त्याच्या सगळ्या आयुष्याचं मर्म इथे आहे. तो वर्षानुवर्षं एक गोष्ट सांगत आलाय, की विचार करणं आणि वाजवणं एकाच वेळी होत नाही. संगीत इतक्या वेगानं पुढे जात असतं की विचार करायला गेलात तर ते निघून गेलेलं असतं. मग करायचं काय, तर सगळा विचार आधी करून ठेवायचा. घरी. स्केल्स, कॉर्ड्स, धून, शब्दसुद्धा, गाण्याचे शब्द माहीत असले पाहिजेत असं तो मानायचा. हे सगळं इतकं घोटायचं की स्टेजवर गेल्यावर विसरता आलं पाहिजे. लोकांना वाटतं इम्प्रोव्हायझेशन म्हणजे मनात येईल ते. मनात काय येईल ते कशावर ठरतं, हा प्रश्न कोणी विचारत नाही.

पियानोचंही तसंच. १९५७ च्या मार्चमध्ये लॉस एंजेलिसला त्यानं 'वे आउट वेस्ट' रेकॉर्ड केला, फक्त बेस आणि ड्रम्स सोबत घेऊन. रे ब्राउन आणि शेली मॅन दोघेही इतके बिझी की रेकॉर्डिंगची वेळ ठरली पहाटे तीनची! पियानो का नको, तर पियानोवाला मागून कॉर्ड देत राहतो आणि ती कॉर्ड तुम्हाला सांगते की आत्ता इथे आहोत, आता तिथे चला. रोलिन्सला ते सांगणारं कोणी नको होतं. पियानो काढला की मधे केवढी तरी मोकळी जागा तयार होते आणि त्या जागेत हा माणूस एकटा उभा राहतो, कॉर्ड्स त्याच्या सुरांतूनच ऐकू याव्या लागतात, नाहीतर सगळं कोसळेल. शेली मॅन त्यात काउबॉयच्या गाण्याला घोड्याच्या टापा वाजवतो आणि रोलिन्स त्यावर मजेत चाललाय, इतकी गंमत, पण त्यामागचं धाडस विसरू नका. पुढच्या वर्षी 'फ्रीडम सुइट', ऑस्कर पेटिफोर्ड आणि मॅक्स रोचसोबत, एकोणीस मिनिटांची एक रचना, आणि अल्बमवर त्याचं छोटं निवेदन की अमेरिकेची संस्कृती कृष्णवर्णीयांवर उभी आहे आणि त्यांनाच छळलं जातंय. एवढा नाव कमावलेला कलाकार, पण काळा म्हणून न्यू यॉर्कमध्ये राहायला चांगली जागा मिळत नव्हती. १९५८ मध्ये हे असं उघड बोलणारे जॅझवाले फार नव्हते.

आणि मग १९५९. वय २८. मासिकांत कौतुक, क्लबांबाहेर रांगा, आणि या गृहस्थानं वाजवणं बंद केलं. म्हणजे लोकांसमोर बंद केलं. त्याचं म्हणणं एवढंच की माझं जेवढं नाव झालंय तेवढं मला येत नाही. लोक पैसे देऊन ऐकायला येतात आणि मी त्यांना पुरेसं देत नाहीये. आता हे ऐकायला सोपं वाटतं, पण करून बघा. मिळणारं मानधन, बोलावणी, सगळं सोडून द्यायचं, आणि तेव्हा जॉन कोल्ट्रेन आणि ऑर्नेट कोलमन हे दुसरे सॅक्सोफोनवाले धडाधड पुढे निघालेत हे डोळ्यासमोर दिसत असताना.

राहायला लोअर ईस्ट साइडला ग्रँड स्ट्रीटवर. टेनर सॅक्सचा आवाज भिंतींतून आरपार जातो आणि शेजारी एक बाई गरोदर होती, तिला त्रास होईल म्हणून घरात वाजवायची चोरी. एके दिवशी चालता चालता विल्यम्सबर्ग पुलापाशी पोहोचला, जिना दिसला, चढून वर गेला तर पादचाऱ्यांची वाट, जवळपास मोकळी. खाली ईस्ट रिव्हर, बाजूला धडधडत जाणाऱ्या मेट्रोच्या गाड्या, मोटारी, बोटींचे भोंगे. तिथे कितीही जोरात वाजवा, कोणाला काही नाही. १९५९ ते १९६१ तो तिथे जात राहिला, उन्हाळा असो की गारठा, कधी कधी दिवसाचे पंधरा सोळा तास. स्टीव्ह लेसीसारखा सॅक्सवाला मित्र कधी सोबतीला जायचा. बोटीचा भोंगा वाजला की त्याच्याशी सूर जुळवायचा.

आता कोणी म्हणेल की हा हट्ट झाला, एवढं शिखरावर असताना काय गरज. माझं मत वेगळं आहे. त्या पुलावर त्याला नवीन काही युक्त्या शिकायच्या नव्हत्या. ज्या मोठ्या आवाजाच्या गोंगाटात वाजवत होता त्यात आपला आवाज टिकवायचा म्हणजे श्वास पोटातून यायला हवा, आणि त्याच्या सुराला जो रुंद, भरीव, जरासा खरखरीत पोत आहे तो १९६२ नंतर आणखी मोकळा झाल्याचं मला ऐकू येतं. नोव्हेंबर १९६१ मध्ये तो परत आला आणि १९६२ मध्ये 'द ब्रिज' आला, जिम हॉलच्या गिटारसोबत. समीक्षक थोडे निराश झाले, दोन वर्षं तप करून आला आणि क्रांती कुठे आहे? पण तो क्रांतीला गेलाच नव्हता, तो स्वतःला तपासायला गेला होता. तो अल्बम मला अजूनही अतिशय देखणा वाटतो, जिम हॉल इतकं कमी वाजवतो आणि इतकं नेमकं.

तर पवई. पुलानंतरही ती अस्वस्थता गेली नाही. जपानला जाऊन झेन समजून घेतलं, आणि साठच्या दशकाच्या शेवटी एक बॅग आणि सॅक्सोफोन घेऊन हिंदुस्थानात. आश्रमात सकाळी लवकर उठणं, उपनिषदांवरची प्रवचनं, योग. त्यानं पुढे मुलाखतींत सांगितलेली एक गोष्ट मला फार भावते. ध्यानाला बसलं की त्याचं मन काही स्थिर राहायचं नाही, तशी तक्रार त्यानं स्वामीजींकडे केली. स्वामीजींनी त्याला समजावलं की अरे तू सॅक्सोफोन वाजवतोस तेव्हा तुझं ध्यानच चाललेलं असतं, वेगळं काय बसायचंय. कर्मयोग. आपल्याकडे हे वाक्य लहानपणापासून इतक्यांदा ऐकू येतं की गुळगुळीत होऊन जातं, पण हार्लेमच्या त्या माणसाला ते बरोब्बर जागी लागलं, कारण शुलरच्या लेखानंतर ज्या गाठीशी तो झगडत होता ती हीच होती. वाजवताना स्वतःकडे न बघता वाजवायचं कसं. फळाकडे लक्ष न ठेवता काम कसं करायचं. त्याला ते आश्रमात सुटलं असं मी म्हणणार नाही, गेल्यावर आणखी एकदा त्यानं वाजवणं थांबवलंच होतं आणि १९७१ मध्ये परत आला. पण नंतरच्या आयुष्यात तो या काळाबद्दल ज्या जिव्हाळ्यानं बोलतो ते ऐकलं की कळतं की ती टुरिस्टची चक्कर नव्हती.

सत्तरनंतरचा रोलिन्स अनेक शुद्धतावाद्यांना आवडत नाही, इलेक्ट्रिक बेस, फंक, त्यातलं काही मलाही कंटाळवाणं वाटतं, खोटं कशाला बोलू. रोलिंग स्टोन्सच्या १९८१ च्या अल्बममध्येही वाजवलंय त्यानं. पण स्टेजवरचा रोलिन्स ही वेगळीच चीज. सगळे थांबायचे आणि हा एकटा सॅक्सोफोनवर दहा पंधरा मिनिटं, लहानपणची गाणी, सिनेमाची गाणी, मार्चचे तुकडे, सगळं एकातून एक, न अडखळता. १९८५ मध्ये न्यू यॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टच्या बागेत तासभर एकट्यानं वाजवलं, सोबत कोणीही नाही. १९८६ मध्ये सॉगर्टीजला एका दगडी खाणीतल्या शिल्पस्थळी कार्यक्रम होता, वाजवता वाजवता त्यानं दगडी कठड्यावरून खाली उडी मारली, टाच मोडली, खाली पाठीवर पडला. आणि पडल्या पडल्या वाजवायला लागला! कॅमेरे चालू होते म्हणून ते आज बघता येतं. बॅण्डवाल्यांना आधी कळलंच नाही की काही झालंय.

११ सप्टेंबर २००१ ला तो वर्ल्ड ट्रेड सेंटरपासून सहा ब्लॉकवर, ३९ व्या मजल्यावर राहत होता. इमारत रिकामी करायला लावली तेव्हा सत्तरी ओलांडलेला हा माणूस सॅक्सोफोन घेऊन जिने उतरला. चारच दिवसांनी, १५ तारखेला, बॉस्टनला कार्यक्रम ठरलेला. त्याला जायचं नव्हतं, बायको ल्युसिल म्हणाली जायचंच. तीच त्याची मॅनेजर, सगळा कारभार तिच्या हातात. त्या संध्याकाळचं रेकॉर्डिंग २००५ मध्ये निघालं आणि त्यातल्या सोलोला ग्रॅमी मिळालं. ल्युसिल मात्र २००४ मध्येच गेली होती.

२०१२ नंतर त्यानं लोकांसमोर वाजवलं नाही. पल्मनरी फायब्रोसिस, फुप्फुसंच साथ देईनात. ज्यानं पुलावर सोळा सोळा तास फुंकलं त्याला वाजवायला श्वास पुरेना, हे लिहितानाही मला कसंसंच होतं. सुरुवातीला तोही फार खचला होता, मग हळूहळू आयुष्यभर वाजवायला मिळालं याबद्दल कृतज्ञता वाटायला लागली असं त्यानं सांगितलंय. त्याच्या वह्या, रियाजाची टिपणं, पत्रं, सगळं २०१७ मध्ये हार्लेममधल्या शॉम्बर्ग सेंटर या संशोधन ग्रंथालयाकडे गेलं, म्हणजे जिथे वाढला तिथेच.

कोणाला ऐकायला सुरू करायचं असेल तर 'सेंट थॉमस' पासून करा, पण मग तिथेच थांबू नका. ३ नोव्हेंबर १९५७, रविवार, व्हिलेज व्हॅनगार्ड क्लब, दुपारीही कार्यक्रम आणि रात्रीही. 'अ नाइट इन ट्युनिशिया' त्यानं दोन्ही वेळा वाजवलं, दुपारी ड्रम्सवर पीट लारोका आणि रात्री एल्विन जोन्स. दोन्ही लागोपाठ ऐका. धून तीच, माणूस तोच, दिवसही तोच, आणि दोन सोलो एकमेकांना ओळखतसुद्धा नाहीत.

आणि एक विनंती. १९७८ मध्ये धोबी तलावच्या रंगभवनात 'जॅझ यात्रा' हा महोत्सव पहिल्यांदा झाला तेव्हा रोलिन्स मुंबईत येऊन वाजवून गेला. तुमच्या घरात, ओळखीत, कोणी काका मावशी त्या रात्री तिथे असतील, तर त्यांना विचारा काय काय आठवतंय, त्यानं एकट्यानं किती वेळ वाजवलं, लोक काय करत होते. आणि मला जरूर कळवा, मी वाट बघतोय.